‘उद्या नको’मधला बाईचा आवाज

३ मार्च, रविवार

आमच्या बुवाप्रेमी मंडळाची बैठक, माझ्या दुकानाच्या माडीवर. खुर्च्या माझ्या, स्पीकर माझे, चहाही माझाच. मतं ज्याची त्याची, म्हणून भिकार.

ठरलं ते असं. चोवीस तारखेला बुवांचा वाढदिवस. बुवा जाऊन बरीच वर्षं झाली, पण वाढदिवस चुकत नाही. गिटार घेऊन गाणी लिहिणाऱ्या माणसाला बुवा म्हणायची कल्पना पहिल्यांदा कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. मी माझी म्हणून सांगतो. तर यंदा हॉल घ्यायचा. प्रत्येकाने बुवांचं एक आवडतं गाणं लावायचं आणि ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्या आयुष्यात काय चाललं होतं ते सांगायचं.

ही दुसरी अट आमच्या अध्यक्षांची, म्हणजे मास्तरांची. जन्मभर गणित शिकवलं, आता गाण्यात भावना शोधतायत. मी म्हटलं, आपण गाणी ऐकायला जमतोय की एकमेकांची रडगाणी? कुणी हसलं नाही. विनोद कळायलाही कान लागतो.

खरी बातमी शेवटी सांगितली. बुवांच्या बँडमधला बेस वाजवणारा, हयात असलेला एकटाच, पाहुणा म्हणून येणार. आणि कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्याला स्वतः बेस घेऊन साथ करणार. लाइव्ह!

शेवटचं गाणं कुणाचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. माझं ठरलंय.

४ मार्च, सोमवार

माझं गाणं ‘उद्या नको’. या लोकांनी नावही ऐकलेलं नाही. बरंच आहे.

बुवा हे गाणं आयुष्यात एकदाच गायले, रेडिओवर, थेट. रेकॉर्ड निघाली नाही. रेडिओवाल्यांनी टेप पुसून त्यावर हवामानाचा अंदाज भरला म्हणे. जगात एकच प्रत उरली, ती माझ्याकडे. तेव्हा मी लोकांचे स्पीकर खांद्यावर वाहायचो. नवीन लग्न, एकच खोली, टेपरेकॉर्डर उसना. तो रेडिओसमोर ठेवला, बटण दाबलं, बायकोला बजावलं की भांड्यांचा आवाज खपणार नाही, आणि मी स्वतः दाराबाहेर उभा राहिलो, शेजाऱ्यांच्या पोरांनी जिन्यात धिंगाणा घालू नये म्हणून. गाणं चालू असताना मी ते ऐकलंच नाही. याला त्याग म्हणतात.

आणि त्या टेपवर, दुसऱ्या कडव्यानंतर, बुवांच्या मागे एक बाई गुणगुणते. अगदी बारीक. ज्याला स्पीकरमधला फाटका ट्वीटर रस्त्यापलीकडून ओळखता येतो त्यालाच ऐकू येईल. बुवांची चाल एकीकडे, हिची भलतीकडेच, आणि तरी दोन्ही जुळतात. शेवटचा सूर वर चढवते आणि तसाच सोडून देते. काय जागा आहे! मधूनच घंटेचा ठोका. टण्. मग शांतता. मग पुन्हा टण्, टण्. गाणं निरोपाचं आहे, ‘जायचं तर आत्ता जा, उद्या नको’. ती घंटा म्हणजे वेळ संपल्याची खूण.

ती बाई कोण हे उघड आहे. बुवांना सोडून गेलेली ती. जिला ते गाण्यागाण्यातून हाका मारतात ती. त्या दिवशी ती स्टुडिओत होती. हे जगात फक्त मला माहीत आहे.

निश्चय: चोवीसपर्यंत टेप कुणालाही ऐकवायची नाही.

५ मार्च, मंगळवार

इन्शुरन्सवाल्याला ऐकवली. तो मंडळातला सगळ्यात हळवा माणूस, म्हणून अपवाद केला. पहिल्या ओळीपासून रडायला लागला, त्यामुळे बाईपर्यंत पोचलाच नाही. बुवा नुसते खाकरले तरी हा रडतो. यालाच लोक विम्याचे हप्ते कसे देतात कोण जाणे. बहुधा दया येऊन.

बायको चहा घेऊन आली होती. दारातच थांबून ऐकत राहिली. म्हणाली, अहो, त्या टेपबद्दल मला एक सांगायचंय. म्हटलं, कप ठेव तिकडे आणि दार लावून घे.

१० मार्च, रविवार

माडीवर तालीम. प्रत्येकाने आपापलं गाणं आणलं होतं. ऐकून कान धुवावेसे वाटले.

इन्शुरन्सवाला: ‘तू फोन ठेव’. बुवांचं सगळ्यात गाजलेलं, म्हणजे सगळ्यात वाया गेलेलं. सुपरमार्केटमध्ये साबण-पावडरच्या रांगेत वाजतं ते. त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा ऐकलं म्हणे. हे गाणं सारखं लावत असेल तर तिचा दोष नाही.

मास्तर: ‘लिफ्ट बंद आहे’. सात मात्रांचं आहे म्हणून. बायकोचं ऑपरेशन चालू होतं, बाहेर बाकावर बसून ते मात्रा मोजत राहिले, म्हणून धीर धरता आला. बायको वाचली म्हणून गाणं थोर! सर्जन बिचारा बाजूलाच.

दातवाली डॉक्टर: ‘गंजलेली सायकल’. ही बाई मला सगळ्यांसमोर साउंडवाले काका म्हणते. आमच्या वयात फरक असेल तर केसांचा. तर हिचे वडील हिला हॉस्टेलवर सोडायला सायकलवरून निघालेले, मागे ट्रंक, पुढे ही. सगळा रस्ता एक अक्षर बोलले नाहीत. वाटेत एका दुकानातल्या रेडिओवर हे गाणं लागलं, तर सायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले. गाणं संपलं, मग म्हणाले, चल. बस, एवढंच. यात गाण्याबद्दल काय आलं?

सगळे गप्प झाले होते. कुणीतरी काही मुद्द्याचं बोलायला हवं म्हणून मी सांगितलं की त्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या मिनिटाला झांजांचा आवाज फाटतो, कान किटतात. सगळे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू तिच्या बापाला सायकलवरून मीच ढकललं.

निश्चय: यापुढे कुणाला मध्ये तोडायचं नाही. बोलू द्यायचं. अडाणी माणूस बोलला की आपोआप उघडा पडतो.

१२ मार्च, मंगळवार

मास्तरांकडे जाऊन आलो. गोडीगुलाबीने विषय काढला. म्हटलं, साउंडचं भाडं घेत नाही, माणसं माझी, व्हॅन माझी. शेवटचं गाणं कुणाचं एवढं एकदा ठरलं की मला केबल टाकायला बरं.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, शेठ, तुम्हाला अडचण असेल तर राहू द्या, डॉक्टरबाईंच्या क्लिनिकमध्ये एक स्पीकर आहे, तो आणू.

क्लिनिकमधला स्पीकर! दाढ उपटताना पेशंटची किंकाळी झाकायला बासरी लावतात, तो! त्यावर बुवा वाजणार? मी म्हटलं, अहो मास्तर, गंमत केली. मोठ्या मनाने माघार घेतली.

मग त्यांनीच सुचवलं की सगळ्यांची गाणी पाहुणा ऐकेल आणि त्याला वाटेल त्या गाण्यावर वाजवेल. ते गाणं शेवटी पुन्हा लावायचं. मला हेच हवं होतं. ज्याने बुवांबरोबर उभं आयुष्य वाजवलं तो सायकलवर वाजवेल की ‘उद्या नको’वर? मास्तरांना वाटतंय त्यांनी मला गुंडाळलं. गणितवाले असेच, उत्तर दुसऱ्याचं, आनंद यांना.

१५ मार्च, शुक्रवार

टेप कॉम्प्युटरवर घेऊन बाईचा आवाज थोडा वर काढला. मग आणखी थोडा. बुवा जरा मागे गेले, पण त्यांना सगळे ओळखतात. घंटाही उजळली.

काम नीट होईना, कारण स्वयंपाकघरात बायकोचं गुणगुणणं. हेडफोनमधूनही घुसत होतं. तिला सूर नाही असं मी म्हणणार नाही. पण शेवटी उगाच वर चढते आणि तिथेच सोडून देते, जिना उतरताना पायरी संपली की नाही कळू नये तसं. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला हे सोसत नाही. दोनदा ओरडलो. मग दार लावून घेतलं.

१७ मार्च, रविवार

भाषण लिहून काढलं. चार मिनिटांचं. मुलीला वाचून दाखवलं. ती माहेरी आली आहे, तिला तरी ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मध्ये उठून तिने डाळ गॅसवर चढवली, शिजवली आणि उतरवली. मग म्हणाली, बाबा, यात तुम्ही कुठे आहात? मास्तरांनी तर आपल्या आयुष्याचं सांगायला सांगितलंय ना?

म्हटलं, मी दाराबाहेर होतो.

आणि आई?

आई काय, आत होती. घरातच.

पोरगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तोंडावर ओढणी धरून आत गेली. आतून दोघींचा हसण्याचा आवाज. बायकांना हसायला कारण लागत नाही.

२० मार्च, बुधवार

बायकोला सांगितलं, चोवीसला पहिल्या रांगेत बस. म्हणाली, मला कंटाळा येतो हो त्या लोकांचा. म्हटलं, मलाही येतो, पण एकदा तरी नवऱ्याचं कौतुक डोळ्यांनी बघ. म्हणाली, येते, पण त्याआधी माझं एक ऐका, नाहीतर तिथे तुमचीच... तेवढ्यात हॉलवाल्याचा फोन आला.

नंतर विचारायचं राहिलं. बहुधा कोटाबद्दल असेल. कोट घट्ट होतो, हे मला माहीत आहे.

२४ मार्च, रविवार, सकाळ

कोट बसला. बटण लावायचं नाही, एवढंच पथ्य. आवाज खणखणीत. भाषण तोंडपाठ. आजपासून मंडळात माझ्या मताला किंमत येणार. आल्यावर ती कुणालाही सहज द्यायची नाही.

२५ मार्च, सोमवार

लिहू नये असं वाटत होतं. पण मी दुसऱ्यांसारखा पळपुटा नाही.

पाहुणा म्हणजे विरलेल्या स्वेटरातला किडकिडीत म्हातारा. कानात मशीन! ज्याला मशीन लावून ऐकावं लागतं तो माझ्या गाण्याचा निकाल देणार. पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

सगळ्यांची गाणी झाली. इन्शुरन्सवाला रडला, त्याच्यामागच्या दोन रांगा रडल्या. मास्तरांनी बाकावरचं सांगितलं. दातवालीची सायकल थांबली तेव्हा पाहुण्याने मान खाली घातली. झोप आली असेल.

मग मी. भाषण पाऊण तास चाललं असं म्हणतात. मला चार मिनिटंच वाटली. माझ्या आयुष्यात तेव्हा काय चाललं होतं हे सांगायला वेळ उरला नाही. ती बाई, तिची जागा, घंटेचा अर्थ, सगळं उलगडून सांगितलं आणि गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. गुणगुणणं सुरू झालं. माझ्या दोन्ही मोठ्या स्पीकरांतून, स्वच्छ.

म्हाताऱ्याने हात वर केला. थांबवा जरा. हे कोण?

एवढ्याच प्रश्नासाठी मी सगळं आयुष्य थांबलो होतो. म्हटलं, ती.

कोण ती?

बुवांची ती.

म्हातारा म्हणाला, अहो, कसली ती? त्या दिवशी आम्ही तिघं होतो. बुवा, मी आणि आमचा ड्रमवाला. खोली एवढीशी की मी दाराला पाठ लावून वाजवलं, कुणी दार उघडलं असतं तर बाहेर पडलो असतो. तिथे बाई मावणार कुठे?

मी अदबीने समजावलं की या वयात आठवणी दगा देतात, त्यांनी मनाला लावून घेऊ नये, माझ्यावर सोपवावं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हाताऱ्याने कानातलं मशीन नीट केलं. म्हणाला, पुन्हा लावा. लावलं. टण्. म्हणाला, ही घंटाही आमची नव्हे. आम्हाला परत जायला रिक्षा परवडत नव्हती, घंटा कुठून आणणार?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज. अहो, ते वाटाणे आहेत.

बायको. उभी राहिलेली, पदर सावरत. वाटाणे सोलत होते मी, ती म्हणाली. ताटात पडत होते. तुम्ही म्हणालात भांड्यांचा आवाज नको. वाटाण्यांचं काही बोलला नव्हतात.

दातवालीने विचारलं, वहिनी, आणि ते गुणगुणणं?

तेही माझंच. मला काय माहीत ते टेपात जातंय? इतकी वर्षं सांगायला जातेय, पण आमच्याकडे कान एकालाच, आणि तो बाहेर पहाऱ्यावर.

हॉल कोसळला. मास्तर, जन्मात हसलेले मी पाहिले नाहीत, ते टेबलावर थापा मारत होते. वेळ संपल्याची खूण, असं म्हणून कुणीतरी टण् केलं, की पुन्हा सगळे. मी माइकवरून सांगायचा प्रयत्न केला की हे अजून सिद्ध झालेलं नाही. माइकने शिट्टी मारली. माझा माइक कधी शिट्टी मारत नाही.

म्हातारा डोळे पुसत उठला. बायकोपाशी गेला, हात जोडले. म्हणाला, वहिनी, बुवा असते तर त्यांनी तुम्हाला बँडमध्ये घेतलं असतं, वाटाण्यांसकट. आता तुम्हीच सांगा, मी कशावर वाजवू?

मी तिच्याकडे बघितलं. खुणेने, डोळ्यांनी, भुवयांनी, जे जे नवऱ्याला शक्य आहे ते सगळं केलं. तिने बघितलंही. मग म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, पण त्या डॉक्टर ताईंचं सायकलवालं लावा. तो बाप मला आवडला.

म्हाताऱ्याने बेस गळ्यात घातला आणि दाराला पाठ लावल्यासारखा अंग चोरून उभा राहिला. सायकल वाजली. मिक्सरवर मी. दुसरं कोण असणार? तिसऱ्या मिनिटाच्या आधी झांजांचा आवाज थोडा खाली घेतला, म्हणून फाटला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. दातवाली रडत होती. इन्शुरन्सवाला तर माझ्या खांद्यावर रडला. कोट धुवायला टाकावा लागणार.

घरी येताना व्हॅनमध्ये बायको म्हणाली, रागावलात? म्हटलं, छे. म्हणाली, मग चेहरा असा का? म्हटलं, कोट घट्ट होतोय.

२७ मार्च, बुधवार

मास्तरांचा फोन. मला वाटलं माफी मागायला. बायकोला मंडळात घ्यायचं म्हणतायत, पुढच्या बैठकीला तिचं गाणं. ती नाही म्हणाली. रविवारी तिला दुपारची झोप हवी असते. मग मास्तरांनी मला विचारलं, स्पीकर तेवढे वेळेवर लावाल ना?

दोन दिवस शांतपणे विचार केला. निष्कर्ष असा. बाई बुवांची नव्हती, माझी होती. ठीक. पण चाल तर होती! बुवा ते गाणं पहिल्यांदाच गात होते, तिने आधी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि तरी वाटाणे सोलता सोलता तिने त्याच्यासमोर दुसरी चाल उभी केली. आणि ती थोर आहे हे या जगात पहिल्यांदा कुणाला कळलं? मला. म्हणजे माझे कान चुकले नाहीत, फक्त पत्ता चुकला. घरात एवढं मोठं कलावंत माणूस आणि मीच ते निवडून आणलेलं.

हे तिला सांगायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. स्टुलावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तिची तोंडावर स्तुती केली, जरा लांबलीच. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, अहो, चाल कुठली माझी! गाण्याच्या आधी रेडिओवर धुण्याच्या साबणाची जाहिरात लागली होती. तीच डोक्यात बसली, अजून निघत नाही.

म्हटलं, आणि तो शेवटचा सूर? वर चढवून सोडून दिलेला?

म्हणाली, तिथे साबणाचं नाव यायचं. तेच आठवत नव्हतं.

स्टुलावरून उठलो नाही. मग माझ्या लक्षात आलं की बुवांच्या गाण्याला जी चाल आपोआप जुळते ती करणारा माणूस साधा असूच शकत नाही. जाहिरातवाला असला म्हणून काय झालं. त्याचा शोध घ्यायला हवा. मंडळाने घेतला नाही तर मी एकटा घेईन. उद्यापासून सुरुवात.

सुरुवात म्हणून तिलाच विचारलं, साबण कसा होता, आठवतंय?

म्हणाली, एकदाच आणला होता. फेसच येत नव्हता.